स्तर कळला, पुढच्या तासाचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडल्या की पहिल्या पंधरवड्यात मुलांच्या वाचनाची स्तरनिश्चिती होते. कोण अक्षर स्तरावर, कोण शब्द, कोण परिच्छेद हे तक्त्यात भरले जाते. शाळेची बेरीज केंद्राकडे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाकडे, केंद्राची तालुक्याकडे जाते आणि यथावकाश जिल्ह्याची टक्केवारी तयार होते. वर्गात मात्र सोमवारी धडा पहिला, मंगळवारी त्याचाच स्वाध्याय, सगळ्या मुलांना एकच. वाचनाची चाचणी हवीच, त्याबद्दल आमचा वाद नाही. ती कोणासाठी घ्यायची आणि मूल वाचत असताना नेमके काय टिपायचे, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

मोजल्याने मुले वाचू लागत नाहीत, याचा चांगला पुरावा हरयाणातला आहे. २०१२-१३ मध्ये तिथल्या सुमारे ५०० सरकारी शाळांत दोन योजना तपासल्या गेल्या. काही शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, म्हणजे प्रशिक्षण, नोंदवह्या आणि वर्णनात्मक नोंदी. काही शाळांत रोज ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवले आणि त्या पातळीचेच शिकवले. कोणत्या शाळेला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले होते, त्यामुळे तुलनेत खोट काढता येत नाही. मूल्यमापनाच्या नोंदींनी मुलांच्या गुणांत काहीही फरक पडला नाही. पातळीनुसार शिकवलेल्या शाळांत हिंदी वाचन सुधारले. शिक्षक दोन्हीकडे सरकारीच होते.

आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २०१० चा. त्या नोंदींचे पुढे काय झाले हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. ‘स्पष्ट उच्चारात वाचतो’, ‘वाचनात रस घेतो’ अशा वाक्यांच्या तयार याद्या फिरतात आणि त्यांतून एकेक वाक्य एकेका मुलाच्या वाट्याला येते. अशी नोंद वाचून उद्याच्या तासाला काय करायचे ते कळत नाही.

आज शाळांत वापरली जाणारी पायरी-पद्धत, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, ही मुख्यतः ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणातून रुळली. २००५ पासून या सर्वेक्षणाचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांना एकेकटे वाचायला देतात. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदाने होते. तो वाचता आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही आला तर शब्द. पाचपैकी चार शब्द बरोबर आले नाहीत तर अक्षरे. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. राज्याचे किंवा जिल्ह्याचे चित्र काढायला हे साधन उत्तम. पण ती मोठ्या भोकांची चाळण आहे. ‘शब्द स्तर’ असा शिक्का बसलेल्या दोन मुलांपैकी एक काना-मात्रांचे शब्द सरळ वाचते आणि फक्त जोडाक्षरापाशी थांबते. दुसऱ्याला व आणि ब यांतला फरक कळत नाही, ते शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकते. तक्त्यात दोघे एका रकान्यात बसतात. त्यांना लागणारा धडा मात्र वेगळा असतो.

पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन यांनीही हे काम भागत नाही. त्यांत लेखी भाग मोठा असतो. ज्या मुलाला प्रश्नच वाचता आला नाही त्याचा कागद कोरा राहतो, आणि कोऱ्या कागदावरून वाचनातली अडचण कळायची कशी? चावडी वाचनाबद्दल तर स्पष्टच बोलायला हवे. गावापुढे मूल वाचते तेव्हा पालकांना आनंद होतो, शाळेविषयी आपुलकी वाढते, ते असू द्यावे. पण तिथे पुढे कोणाला करायचे हे शिक्षक आधीच ठरवतात. तो समारंभ आहे, त्याला मापन म्हणू नये.

वर्गासाठीची चाचणी एकेका मुलाचे वाचन कानाने ऐकून घ्यावी लागते, तिला दुसरा मार्ग नाही. एका मुलाला सहा-सात मिनिटे लागतात. तीस पटाच्या वर्गाचे साडेतीन तास होतात. रोज चार मुले घेतली की आठ दिवसांत वर्ग संपतो. बाकीच्यांना तेवढा वेळ चित्र काढणे, वाचनकोपऱ्यातली पुस्तके चाळणे असे आवाज न होणारे काम द्यावे. द्विशिक्षकी शाळेत हे जमवणे कठीण आहे हे मान्य, पण परिपाठानंतरची पंचवीस मिनिटे राखून ठेवली तरी जमते. बसायची जागा वर्गाबाहेरच्या ओसरीवर, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी. शिक्षकाने मुलाच्या समोर बसू नये, शेजारी बसावे. कागद मुलाच्या हातात, दुसरी प्रत आपल्या मांडीवर, हातात पेन्सिल. लाल पेन नको. त्या पेनाची हालचाल दिसली की मूल वाचायचे सोडून पेनाकडे पाहू लागते.

मजकूर साठ शब्दांच्या आसपास असावा, वाक्ये चार ते सात शब्दांची. तो पाठ्यपुस्तकातला अजिबात नको. पहिली-दुसरीतल्या कितीतरी मुलांना धडा तोंडपाठ असतो. बोट ओळीवर फिरते, आवाज खणखणीत येतो आणि मधलाच एखादा शब्द झाकून विचारला की सगळे थांबते. मजकुराचे निदान चार संच करावेत. नाहीतर पाचव्या मुलापर्यंत गोष्ट वर्गभर झालेली असते. छपाईकडेही लक्ष हवे. २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचा आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांत मुले तेच पाहतात. संगणकावरचे पुष्कळसे टाइप हिंदी वळणाचे असतात. त्यांत ही दोन अक्षरे वेगळी दिसतात आणि मूल अडते. ती चूक मुलाच्या खाती मांडली जाते.

मूल वाचू लागले की शिक्षकाने गप्प बसावे. हे फार कठीण जाते. मूल अडखळले की ओठांवर शब्द येतोच. पण मनातल्या मनात पाच अंक मोजून मगच पुढचा शब्द दाखवावा. चुकीच्या शब्दावर मुलाने जे म्हटले ते जसेच्या तसे लिहावे. नुसती फुली मारली तर चाचणीतला अर्धा ऐवज गेला. गाळलेल्या शब्दाला आडवी रेघ, स्वतःहून दुरुस्त केलेल्या शब्दावर ‘दु’. स्वतःची दुरुस्ती ही चूक धरू नये. उलट मूल अर्थाकडे कान देऊन वाचते आहे, याची ती खूण आहे. साठ शब्दांत तीनपर्यंत चुका म्हणजे तो मजकूर मुलाला एकट्याने झेपतो. चार ते सहा चुका असतील तर शिक्षकाच्या मदतीने शिकायला तो योग्य. सहाच्या वर चुका असतील तर खाली यावे. हे प्रमाण इंग्रजी वाचनाच्या अभ्यासातून आले आहे, मराठीतल्या लांब शब्दांना ते तंतोतंत लागू पडेलच असे नाही. अंदाजापुरते वापरावे.

आता चुका. खरा मजकूर इथेच आहे आणि इथेच आपल्या तक्त्यांत एकही रकाना नसतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्रांची. बाराखडी तालात म्हणता येते, पण ‘मे’ एकटा दाखवला की मूल मनातल्या मनात म, मा, मि, मी, मु, मू असे चढत येते आणि मग ‘मे’ म्हणते. हे ओळखणे नव्हे, गाणे आहे. पाच व्यंजने आणि चार मात्रा यांची वीस कार्डे पिसून एकेक दाखवली की दोन मिनिटांत खरे काय ते कळते. पहिली वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि बोलताना नंतर. त्यामुळे ‘कविता’चे ‘किवता’ होते. मूल डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचत असते, म्हणूनच चुकते. अनुस्वार गळतो, ‘थांबला’ ऐवजी ‘थाबला’. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते, ‘ख’चे ‘रव’ होते. ऱ्हस्वदीर्घाची चूक वाचनात धरूच नये, ‘किती’ आणि ‘कीती’ यांत कानाला फारसा भेद नसतो.

मग र. एकाच र ची चार रूपे मुलापुढे येतात. ‘वर्ग’मधला रफार, ‘प्रकाश’मधला, ‘ट्रक’मधला आणि ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतला. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो, म्हणून ‘वर्ग’चा ‘वगर’ होतो, ‘सूर्य’चा ‘सूयर’. तिसरी-चौथीतली बरीच मुले इतर सगळे नीट वाचतात आणि फक्त इथे पडतात. त्यांना पुन्हा मुळाक्षरांच्या गटात बसवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. रफाराचे वीस शब्द, रोज दहा मिनिटे, असे आठवडाभर केले की काम होते.

काही मुले अक्षरे सुटी ओळखतात पण जोडत नाहीत: क, म, ळ, आणि मग शांतता. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ बहुधा उच्चारला जात नाही. त्यामुळे तीन सुटे आवाज नुसते भरभर म्हटले तरी ‘कमळ’ हा ओळखीचा शब्द कानावर पडत नाही. या मुलांना अक्षरे येतात, म्हणून आणखी अक्षरे शिकवत राहणे निरुपयोगी आहे. त्यांना हवा आहे आवाज जोडण्याचा तोंडी सराव, कागदाशिवाय. उलट काही मुले शब्द चित्रासारखे लक्षात ठेवतात. त्यांना ओळखायला अर्थ नसलेले शब्द द्यावेत: टिमू, भाकस, नोळा, गुरेत. ‘भाकस’ला जे मूल ‘भाकरी’ म्हणते ते पहिल्या दोन अक्षरांपुढे पाहत नाही. अशा दहा शब्दांना एक मिनिट पुरते.

बोलीतला उच्चार चूक धरायचा नाही, हे चाचणी घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच बजावून सांगितले पाहिजे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल शब्द ओळखते. वऱ्हाडात आणि खानदेशात ळ चा य होतो, काही ठिकाणी ड होतो. ‘केळी’ला मुलाने ‘केयी’ म्हटले तर त्याने बरोबर वाचले आहे. बाहेरून आलेला परीक्षक इथे हमखास गुण कापतो.

वेगाबद्दल एक तक्रार नोंदवायची आहे. पायाभूत वाचन-गणितासाठीचे केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. त्याच्या लक्ष्यांत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द आहेत. हिंदीत ‘घर के सामने वाले आँगन में’ हे सहा शब्द. मराठीत ‘घरासमोरच्या अंगणात’ हे दोन. डोळ्यांना आणि जिभेला काम जवळपास तेवढेच आणि हिशेबात मराठी मूल तिप्पट हळू. एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी वेगवेगळे निकष ठरवले, ते योग्यच केले. पण शाळांच्या भिंतींवर अजूनही एकच आकडा रंगवलेला असतो. वर्गात वेग मोजायचाच तर मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करावी, तेवढ्याच अवघड मजकुरावर. मुलापुढे घड्याळ धरू नये. साठ सेकंद झाले की आपल्या प्रतीवर खूण करावी आणि मुलाला गोष्ट पुरी करू द्यावी. घड्याळ दिसले की मुले सुसाट सुटतात, पूर्णविराम गिळतात आणि पुढच्या परीक्षेसाठी हीच सवय घेऊन जातात.

वाचून झाल्यावर चार प्रश्न. दोन मजकुरात सरळ उत्तर असलेले, एक दोन वाक्ये जोडून उत्तर काढायचे, एक ‘असे का वाटते?’ या धर्तीचा. कागद मुलाच्या हातातच राहू द्यावा, ही स्मरणशक्तीची परीक्षा नाही. उत्तर घरच्या भाषेत आले तर तेही पूर्ण धरावे. मेळघाटात कोरकू, धडगावात पावरी, भामरागडला माडिया बोलणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी एक पायरी वाढवावी. उत्तरे आली नाहीत तर तेवढाच अवघड दुसरा परिच्छेद शिक्षकाने वाचून दाखवावा आणि प्रश्न विचारावेत. ऐकून कळले आणि वाचून कळले नाही, तर अडचण अक्षरे उलगडण्यात आहे. ऐकूनही कळले नाही, तर मुलाला मराठीच अपुरी आहे आणि त्याला अक्षरकार्डांपेक्षा गप्पा, चित्रवर्णन, गोष्टी यांची गरज आहे. ही दोन मुले एका गटात घातली की दोघांचेही वर्ष वाया जाते. कागद नाकाला लावून वाचणारे किंवा सूचना वारंवार विचारणारे मूल दिसले तर आधी डोळे-कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशी नावे हातात तयार असावीत.

या सगळ्याची नोंद एका कागदावर मावते. मुलाचे नाव, साठ शब्दांतल्या चुका, अडलेली अक्षरे आणि चिन्हे, चारपैकी उत्तरे, आणि शेवटचा रकाना ‘पुढचे पंधरा दिवस काय करायचे’. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बाकीचे चार भरण्यात अर्थ नाही.

मग गट. तीन पुरेत. अक्षरे-मात्रांशी झगडणारी, शब्द जमतो पण वाक्य तुटते अशी, आणि वाचतात पण समजून घेत नाहीत अशी. शक्य असेल तिथे तिसरी ते पाचवीची मुले रोज एक तास एकत्र करून वाटावीत. उरलेला दिवस आपापल्या इयत्तेत. दिवसभर वेगळे बसवले की महिन्याभरात ‘ढ’ मुलांची तुकडी तयार होते. गटांना स्तरांची नावे नकोत, आणि नावानिशी स्तरांचा तक्ता भिंतीवर तर मुळीच नको. सर्वांत कच्च्या गटापाशी शिक्षकाने स्वतः बसावे. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. हा गट एखाद्या हुशार मुलीच्या हवाली होतो, ती फळ्यावर बाराखडी लिहिते, बाकीची उतरवून घेतात आणि तास संपतो.

या गटाचा तास असा बसवता येतो. पहिली दहा मिनिटे शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवायची. पुढची पंधरा मिनिटे निवडक अक्षरे आणि एखादी मात्रा. मुळाक्षरांच्या क्रमाने जाऊ नये. न, क, र, म, ल आणि काना एवढ्यावर पहिल्याच दिवशी नाक, कान, मका, मला, काल, करा वाचता येतात. पंधरा मिनिटे कार्डांनी शब्द बनवणे, दहा मिनिटे त्याच अक्षरांच्या चार ओळी वाचणे. शेवटी पाच शब्दांचे श्रुतलेखन. हे श्रुतलेखन म्हणजे रोजची फुकटातली चाचणी आहे, वह्या चाळल्या की उद्या कोणती मात्रा पुन्हा घ्यायची ते समजते. मधल्या गटाला शिक्षकाने आधी वाचून दाखवावे, मग मुलांनी जोडीने तोच मजकूर दोन-तीनदा वाचावा. तिसऱ्या गटाला मोठ्याने वाचायला लावणे आता बंद करावे. मनात वाचायचे, अर्ध्यावर थांबायचे, पुढे काय होईल ते सांगायचे. पोपटपंची मोडते ती अशी.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐकावे, पण सगळ्यांचे नाही. ज्यांच्या श्रुतलेखनात बदल दिसतो त्यांचे, आणि ज्यांच्यात काहीच हलले नाही त्यांचे. मूल पुढे गेले तर त्याच दिवशी गट बदलावा, सत्राच्या शेवटची वाट पाहू नये. जे हलले नाही त्याच्या बाबतीत आधी हजेरीपट उघडावा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलांना पद्धत नव्हे, दिवसच कमी मिळालेले असतात. हजेरी भरपूर आणि नीट शिकवूनही दोन-तीन महिन्यांत काहीच बदल नाही, तर मग विशेष शिक्षकाचा सल्ला घ्यावा.

प्रशासनाकडे आमचे मागणे थोडके आहे. शिकवण्यासाठी घेतलेली चाचणी आणि शाळेचा हिशेब मागणारी चाचणी एक असू नये. ज्या आकड्यावरून शिक्षकाला नोटीस येऊ शकते तो आकडा फुगतो. तो शिक्षकांच्या अप्रामाणिकपणामुळे फुगतो असे नाही. काठावरच्या मुलाला प्रत्येक जण वरच्या रकान्यात टाकतो आणि काठावर बरीच मुले असतात. हिशेबासाठी बाहेरच्या माणसांनी काही निवडक शाळांत नमुना चाचणी घ्यावी, तिथे असरची पायरी पुरेशी आहे. वर्गातला कागद वर्गातच राहू द्यावा, त्याची लिंक नको, फोटो नको. केंद्रप्रमुखांनी शाळेत आल्यावर तक्ता मागण्याऐवजी कोणत्याही तीन मुलांची नावे घ्यावीत आणि शिक्षकांना विचारावे की हे मूल कुठे अडते आणि या आठवड्यात त्याच्यासाठी काय चालले आहे. नंतर त्या मुलांना शेजारी बसवून स्वतः ऐकावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकाच मुलाचे ध्वनिमुद्रित वाचन सगळ्यांनी ऐकून चुका टिपाव्यात आणि पडताळून पाहाव्यात. शिक्षकांच्या नोंदींत किती तफावत पडते हे तिथे अर्ध्या तासात दिसेल. आणि शाळा उघडल्यानंतरचे पहिले आठ दिवस एकही ऑनलाइन माहिती मागवू नये. मुलांचे वाचन ऐकायला लागतात तेवढे हे दिवस आहेत.

आपले,
प्राथमिक भाषाशिक्षणात काम करणारे काही शिक्षक